हरकतीचा अर्धा तास : मुरमाच्या ट्रॅकवरील एका हौशी मोटारसायकल स्पर्धेविषयी

प्रवेश शुल्क दीड हजार रुपये, हरकतीची, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर किंवा निकालावर लेखी आक्षेप घेण्याची, अनामत पाच हजार रुपये, इंजिन उघडून पाहायचे असल्यास आणखी तीन हजार रुपये आणि तिसऱ्या क्रमांकाचे बक्षीस दोन हजार रुपये. मराठवाड्यातील एका मोटरस्पोर्ट क्लबने गेल्या हिवाळ्यात पैठण रस्त्यालगतच्या माळरानावर दोन दिवसांची डर्ट ट्रॅक स्पर्धा भरवली होती, तिच्या नियमपुस्तिकेतील हे चार आकडे आहेत. ते वेगवेगळ्या पानांवर छापलेले असल्यामुळे अर्ज भरताना मी ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले नाहीत. वाचले असते, तर या क्लबकडे नियम कसे पाळले जातात याचा अंदाज घरबसल्या आला असता. क्लबचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवांविषयी लिहायचे आहे त्या हौशी स्पर्धा भरवणाऱ्या कोणत्याही मंडळात आढळू शकतात, आणि हे परीक्षण प्रामुख्याने अशा स्पर्धेत पहिल्यांदा गाडी उतरवू पाहणाऱ्यांसाठी आहे.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी बावीस वर्षे गुणवत्ता तपासणी विभागात काम केले. माझ्या भाच्याचे बिडकीनला दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. गाडी त्याची आणि स्वारही तोच, पण अर्जावर प्रवेशक म्हणून सही माझी होती. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला, कारण लेखी हरकत घेण्याचा अधिकार स्पर्धेत अधिकृत प्रवेश घेतलेल्यालाच असतो. कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या प्रेक्षकाला, गाडीच्या मेकॅनिकला किंवा स्वाराच्या काकांना तो नसतो, मग त्यांनी डोळ्यांनी काहीही पाहिलेले असो.

आधी जे चांगले होते ते सांगतो. ट्रॅक उत्तम आखलेला होता. काळ्या मातीचा भाग सोडून मुरमाचा उंचवटा निवडल्यामुळे चाके रुतत नव्हती, वळणे रुंद होती आणि बाहेरच्या बाजूला जुन्या टायरांच्या भिंती नीट बांधलेल्या होत्या. धूळ बसवण्यासाठी दर दोन शर्यतींनंतर टँकरने पाणी मारले जात होते. आपल्या भागात टँकर म्हटले की माणसे घागरी घेऊन धावतात, त्यामुळे मुरमावर पाणी ओतताना पाहून शेजारच्या वस्तीवरील म्हाताऱ्यांनी जी कुरकुर केली ती समजण्यासारखी होती. तथापि धुळीत समोरचा पडलेला स्वार दिसत नाही, आणि या खेळातले सर्वांत वाईट अपघात अशाच वेळी होतात. रुग्णवाहिका पूर्ण वेळ हजर होती. जेवण प्रवेश शुल्कातच होते, आणि भाकरी, वांग्याची भाजी व ठेचा यांविषयी कोणाचीही हरकत असण्याचे कारण नव्हते.

मार्शल म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि त्यांना कोणीतरी मनापासून शिकवलेले दिसत होते. दुसऱ्या वळणावर एक गाडी घसरली तेव्हा तेथील मुलीने पिवळा झेंडा, म्हणजे पुढे धोका आहे, कोणी कोणाला मागे टाकू नये ही खूण, दाखवला, आणि त्या झेंड्याखाली ज्याने पुढच्या गाडीला मागे टाकले त्याचा क्रमांक, फेरी आणि वेळ तिने तिथल्या तिथे वहीत टिपून ठेवली. तो स्वार क्लबच्या एका पदाधिकाऱ्याचा जवळचा नातेवाईक होता. त्याच्या वेळेत दहा सेकंद वाढवण्यात आली, तो दुसऱ्यावरून पाचव्या क्रमांकावर गेला आणि त्याविषयी कोणीही आवाज चढवला नाही. दोन दिवसांत नियमाची अंमलबजावणी जिथे निर्विवाद झाली असे मी म्हणेन, ती ही जागा.

एका प्राथमिक फेरीत चूक सुटण्यावरून, म्हणजे झेंडा पडण्याआधीच गाडी हलल्यावरून, वाद झाला. शिक्षा झालेल्या मुलाचे वडील मोबाइलवरील चित्रण घेऊन अधिकाऱ्यांच्या तंबूत शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. येथे क्लबची बाजू बरोबर होती. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर नेमलेले पंच हे वस्तुस्थितीचे पंच मानले जातात, आणि त्यांनी त्या कामात दिलेल्या निर्णयावर हरकत घेता येत नाही. जत्रेतल्या कुस्तीत पंचाचा हात वर गेल्यावर फडात कितीही हमरीतुमरी झाली तरी निकाल बहुधा बदलत नाही, तसेच हे आहे. फरक एवढाच की येथे ते कलम छापलेले असते. ते वडिलांना शांतपणे वाचून दाखवले असते, तर पाऊण तास वाचला असता.

आता मूळ विषयाकडे येतो. भाच्याची गाडी ज्या वर्गात होती त्याचे वर्णन पुस्तिकेत एका ओळीत आहे: भारतीय बनावटीची, चार स्ट्रोकची, १०० घन सेंटिमीटरपर्यंतची मोटारसायकल. मराठवाड्यात याचा अर्थ व्यवहारात बहुतेक वेळा स्प्लेंडर असा होतो. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ४९.५ मिलिमीटर असतो, त्यावरून क्षमता ९७.२ घन सेंटिमीटर येते. कारखान्यातून निघालेली गाडी म्हणजे मर्यादेच्या आत निवांत बसते.

पण डर्ट ट्रॅकवर कारखान्यातून निघालेली गाडी कोणी आणत नाही. येथे येणाऱ्या गाड्यांनी दहा-दहा वर्षे दुधाचे कॅन, खताच्या गोण्या आणि तिघे-तिघे जण वाहिलेले असतात. सिलिंडर झिजला की गॅरेजवाला ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा कोरून, ओव्हरसाइज म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा पिस्टन टाकतो. ही मापे पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी वाढतात, आणि गॅरेजच्या बोलीत त्यांना पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर नंबर म्हणतात. पन्नास नंबरचा पिस्टन टाकला की बोअर ५०.५ मिलिमीटर आणि क्षमता ९९.१५ घन सेंटिमीटर होते. पंचाहत्तर नंबर टाकला की तीच क्षमता १००.१३ होते. शंभर नंबरला ती १०१.१२ वर जाते. याचा अर्थ असा, की ज्याच्या गाडीचा ब्लॉक दुसऱ्यांदा बोअर झालेला आहे तो वर्गात बसतो आणि ज्याचा तिसऱ्यांदा झालेला आहे तो बसत नाही, मग त्याने ते वेगासाठी केलेले असो वा धूर मारणारी गाडी पुन्हा चालती करण्यासाठी. ओव्हरसाइज पिस्टन चालेल की नाही, चालत असेल तर कितव्या नंबरापर्यंत, याविषयी क्लबची पुस्तिका एक अक्षरही बोलत नाही. हेल्मेटवर भारतीय मानकाची खूण हवी, आरसे व हेडलाइट काढलेले हवेत, क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांची टोके गोल हवीत, स्वार पडताच इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली हवी, हे सगळे तिच्यात व्यवस्थित आहे. पहिल्या दिवशीच्या स्क्रुटिनीत या प्रत्येक गोष्टीची तपासणीही चोख झाली. इंजिनाच्या क्षमतेविषयी मात्र स्वारांकडून एका छापील कागदावर सही घेण्यात आली, एवढेच.

अंतिम शर्यतीत भाचा चौथा आला. तिसरी आलेली गाडी प्रत्येक वळणातून बाहेर पडताना ज्या ओढीने निघत होती ती पाहून भाच्याला शंका आली, आणि खरे सांगायचे तर मला आली नाही, कारण तो मुलगा आमच्या मुलापेक्षा सरस चालवत होता. तरीही हरकत घ्यायची असे ठरले. गाडीच्या तांत्रिक पात्रतेविषयी शंका घेण्याची रीतसर वाट नियमांनीच दिलेली आहे, ती वाट चालती आहे की नुसती नकाशावर आहे हे एकदा पाहावे, असा माझा त्यात थोडा स्वार्थही होता.

शर्यत तीन वाजून पाच मिनिटांनी संपली. तात्पुरता निकाल जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांच्या आत हरकत लेखी स्वरूपात आणि अनामतीसह दाखल करावी, असे पुस्तिकेचे कलम आहे. हे कलम क्लबने मनाने रचलेले नाही. चारचाकींच्या स्पर्धांचे जागतिक नियमन करणाऱ्या एफआयएच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेतही गाडी नियमांत न बसणे किंवा निकालातील चूक यांसाठी तात्पुरत्या निकालानंतर तीस मिनिटांचीच मुदत आहे. एफआयए आणि दुचाकींची एफआयएम या दोन्ही संघटनांचा उगम १९०४ सालचा, आणि आपल्याकडे या खेळाची राष्ट्रीय संघटना एफएमएससीआय ही आहे. क्लबच्या पुस्तिकेतील भाषा वरून झिरपत खाली आलेली असते, हे वाचताना लगेच जाणवते. मुदत कमी असण्याला कारणही आहे. गाड्या घरी गेल्यावर काहीच सिद्ध करता येत नाही, आणि बक्षीस हातात घेऊन निघालेल्या मुलाला चार दिवसांनी परत बोलावणे कोणालाच शोभत नाही.

परंतु तीस मिनिटांच्या मुदतीला अर्थ येतो तो निकाल कोठे आणि किती वाजता लागला यावरून. आमचा निकाल नोंदणीच्या तंबूच्या मागच्या बाजूला, जिथे पाण्याचे जार ठेवले होते तिथे, चार वाजून दहा मिनिटांनी चिकटवण्यात आला, आणि कागदावर छापलेली वेळ होती तीन वाजून चाळीस मिनिटे. कागद भिंतीला लागला त्या क्षणी मुदत संपलेली होती. मी मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवले, कारण छायाचित्रावर वेळ आपोआप नोंदली जाते. हा सल्ला इतरांनाही देतो. हरकत ज्यांच्याकडे द्यायची ते क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे शर्यत चालवणारे मुख्य अधिकारी, त्या वेळी व्यासपीठावर पाहुण्यांचे स्वागत करत होते आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला अधिकार दिलेला नव्हता. आठ हजार रुपये रोखच हवेत, मोबाइलवरून चालणार नाहीत, असेही तेव्हाच कळले. माळरानावर आठ हजारांची रोकड गोळा करायला भाच्याला तीन मित्रांचे खिसे रिकामे करावे लागले.

चिटणीसांनी अर्ज हातात घेण्यापूर्वी मला बाजूला नेले. ‘‘मामा, राहू द्या ना. आपल्याच पोरांत कशाला वाद?’’ असे ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले याविषयी मला शंका नाही. आपल्याकडे हरकत म्हणजे वैर अशी समजूत आहे. वास्तविक हा खेळ जिथे सर्वांत गंभीरपणे खेळला जातो तिथे हरकत हा कामाचाच भाग समजतात. २०१९ मध्ये फॉर्म्युला वनच्या जपानमधील शर्यतीनंतर रेसिंग पॉइंट संघाने, म्हणजे आपल्या ओळखीच्या फोर्स इंडियाच्या वारसदाराने, रेनॉच्या ब्रेक यंत्रणेवर हरकत घेतली आणि रेनॉच्या दोन्ही गाड्या निकालातून बाद झाल्या. पुढच्याच वर्षी रेनॉने रेसिंग पॉइंटच्या ब्रेक डक्टवर हरकत घेतली. त्या संघाला चार लाख युरोंचा दंड झाला आणि त्याचे पंधरा गुण कापले गेले. दोन्ही संघ त्यानंतरच्या शर्यतीला शेजारी शेजारी उभे होतेच. चिटणीसांना मी हे सगळे सांगितले नाही. फक्त निकालाचे छायाचित्र दाखवले. त्यांनी ते क्लार्क आणि स्ट्युअर्ड, म्हणजे हरकतींवर निर्णय देणारे पंच, यांच्यापर्यंत नेले आणि हरकत मुदतीत असल्याचे मान्य झाले, हे त्यांच्या श्रेयाचे आहे.

तोपर्यंत तिसऱ्या क्रमांकाची गाडी पिकअपवर चढवून दोरीने बांधून झाली होती. शर्यत संपताच पहिल्या काही गाड्या अधिकाऱ्यांच्या ताब्यातील बंदिस्त जागेत ठेवायच्या आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही, ही मोटरस्पोर्टमधील प्राथमिक शिस्त आहे. चार बांबू, सुतळी आणि एक मार्शल एवढ्यात तिची सोय होते. येथे ती नव्हती. मधल्या तासाभरात त्या गाडीला कोणी हात लावला असे मी म्हणत नाही. लावला असता तरी कळले नसते, एवढेच म्हणतो.

तीन स्ट्युअर्डांपैकी एकाच्या गॅरेजमध्ये ती गाडी तयार झाली होती. हे त्यांनी स्वतःच सांगितले आणि खुर्ची सोडून बाहेर जाऊन बसले. असे वागायला मोठेपणा लागतो. परंतु त्यांच्या जागी कोणाला बसवायचे याची तरतूद नसल्यामुळे उरलेल्या दोघांचे मत जुळले नाही तर काय, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

इंजिन उघडायला क्लबने शहरातील एक जुने उस्ताद बोलावले होते. त्यांनी टाकी उतरवली, हेड सोडवले, टायमिंगची साखळी तारेने वर बांधून ठेवली आणि पिस्टन वरच्या टोकाला आणून पेट्रोलमध्ये बुडवलेल्या चिंधीने त्याचा माथा पुसायला सुरुवात केली. काजळीचा थर निघत गेला तसतसा आधी बाण दिसला आणि मग त्याच्या शेजारी कोरलेला आकडा: ७५. ‘‘मामू, पिस्टनपेच लिखा है,’’ असे म्हणून उस्तादांनी चिंधी खांद्यावर टाकली. गाडीचा मालक, पैठण तालुक्यातला विशीतला मुलगा, शेजारीच उभा होता. तो म्हणाला, ‘‘पंचाहत्तरचाच आहे काका, मी कुठे नाही म्हणतोय? तिसरा बोअर झालाय. मला कोणी विचारलंच नाही.’’ ते खरे होते. त्याला कोणीही विचारलेले नव्हते.

येथे प्रकरण संपायला हवे होते. पुस्तिकेत मर्यादा १०० आहे, पंचाहत्तर नंबरचा पिस्टन टाकलेले इंजिन १०० च्या वर जाते, आणि सवलत कोठेही लिहिलेली नाही. पण स्ट्युअर्डांनी, नियमाला धरूनच, प्रत्यक्ष माप घ्यायचे ठरवले. माप घेण्यासाठी क्लबकडे होता एक व्हर्नियर, ज्याचे जबडे प्रकाशात धरले तर मिटल्यावरही फट दिसत होती. माझ्या पिशवीत एक शतांश मिलिमीटरपर्यंत वाचणारा बोअर गेज होता. तो त्यांनी नाकारला, आणि ते योग्यच केले, कारण हरकत घेणाऱ्याच्या उपकरणाने माप घेणे म्हणजे फिर्यादीच्या तराजूत माल तोलण्यासारखे आहे. मात्र १९८५ पासून जिथे बजाजचा कारखाना आहे आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे शेकडो उद्योग उभे राहिले आहेत, ज्या शहरात इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था आहे, त्या छत्रपती संभाजीनगरच्या वेशीवर दोन दिवसांसाठी एक प्रमाणित बोअर गेज मिळू नये, हे मला पटलेले नाही.

व्हर्नियरने बोअर मोजण्यातली अडचण समजून घेण्यासारखी आहे. त्याच्या आतल्या जबड्यांना थोडी का होईना, सपाट जाडी असते. त्या कडा सिलिंडरच्या गोल भिंतीवर मधोमध न टेकता बाजूंना टेकतात आणि माप खऱ्यापेक्षा कमी येते. हात तिरका झाला तर ते आणखी बदलते. शिवाय जुना सिलिंडर एकसारखा गोल राहिलेला नसतो, म्हणून वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी माप घ्यायचे असते. इंजिन गरम असेल तर तेही पाहावे लागते, कारण साठ अंशांच्या फरकाने पन्नास मिलिमीटरचा बोअर साधारण तीन शतांशांनी फुगतो आणि तेवढ्याने क्षमतेत ०.१२ घन सेंटिमीटरची भर पडते. येथे तीनदा माप घेण्यात आले, तेही वरच्या बाजूलाच: ५०.६, ५०.८ आणि ५०.७. पहिल्या मापाने क्षमता ९९.५४ येते, दुसऱ्याने १००.३३. एकाच गाडीचा एकाच संध्याकाळी एक निकाल पात्र आणि दुसरा अपात्र. स्ट्युअर्डांनी तिन्हींची सरासरी काढली, ५०.७ मिलिमीटर धरले आणि ९९.९३ घन सेंटिमीटर हा आकडा काढून आमची हरकत फेटाळली.

ज्याने आयुष्यभर मापे घेतली त्याला हा निकाल ऐकताना हसावे की गप्प बसावे कळेना. पिस्टनवर ७५ कोरलेले आहे, म्हणजे तो नाममात्र ५०.७५ मिलिमीटरचा. फिरायला जागा मिळावी म्हणून त्याचे खरे माप दोन-तीन शतांश कमी असते हे धरले, तरी तो ५०.७२ च्या खाली जात नाही. स्ट्युअर्डांच्या निकालाप्रमाणे हा पिस्टन स्वतःपेक्षा लहान सिलिंडरात, पंधरा फेऱ्या, तिसरा क्रमांक मिळवीपर्यंत धावत होता.

निर्णय तोंडी सांगण्यात आला. लेखी निर्णय मागितला तेव्हा तो नंतर पाठवू असे उत्तर मिळाले, आणि नवव्या दिवशी मोबाइलवर एका कागदाचे छायाचित्र आले, ज्यात तीन ओळी, एक आकडा आणि दोन सह्या होत्या. अपिलाची वाट कोणती, हे त्यात नव्हते आणि त्या दिवशीही कोणी सांगितले नव्हते. एफआयएच्या संहितेत निर्णय प्रसिद्ध झाल्यापासून एका तासाच्या आत अपिलाचा इरादा लेखी कळवावा लागतो. निर्णयच नऊ दिवसांनी कागदावर येत असेल तर हा तास कोठून मोजायचा, हे प्रत्येक क्लबने आपापल्या पुस्तिकेत लिहून ठेवावे. आठ हजार रुपये अर्थातच जप्त झाले. त्यातील तीन हजारांत त्या मुलाच्या इंजिनाला नवे गॅस्केट बसले आणि उस्तादांची मजुरी निघाली, त्याचे मला काही वाटत नाही.

त्या मुलाचा तिसरा क्रमांक गेला असता तर मला वाईटच वाटले असते. त्याने लबाडी केली नव्हती. शतांश मिलिमीटरांच्या खेळात तो सापडला तो नियम लिहिणाऱ्याने स्प्लेंडर डोळ्यांसमोर न ठेवता १०० हा गोल आकडा लिहिला म्हणून. शंभर नंबरपर्यंतचा पिस्टन चालेल, किंवा झिजेपोटी दीड टक्क्याची सवलत मिळेल, असे एक वाक्य पुस्तिकेत असते तर ती गाडी राजरोस पात्र ठरली असती आणि आमच्या हरकतीला जागाच उरली नसती. ते वाक्य नव्हते, म्हणून मापाला निकालाच्या सोयीने वाकावे लागले. माझी खरी तक्रार येथे आहे.

आणि दुसरी तक्रार अशी, की हे सर्व आमच्यावर का सोपवावे? हरकत आली नाही तरी अधिकाऱ्यांना स्वतःहून तपासणी करता येते, कारवाई करता येते. हरकतीचे कलम हे त्यांच्या नजरेतून निसटलेल्या गोष्टींसाठी असते. प्रत्येक वर्गातील पहिल्या तिघांपैकी चिठ्ठी टाकून एकाची गाडी उघडली जाईल, एवढे पुस्तिकेत जाहीर केले तरी स्क्रुटिनीच्या रांगेतच निम्मे प्रश्न सुटतील. या क्लबने इंजिनाविषयीची संपूर्ण अंमलबजावणी स्पर्धकांच्या हरकतीवर सोडली, त्या हरकतीची किंमत बक्षिसाच्या चौपट ठेवली, तिची मुदत कागद चिकटवण्याआधीच संपवली आणि वर आपल्याच पोरांत वाद नको असेही सुनावले. खोट्या हरकती येऊ नयेत म्हणून अनामत हवीच, परंतु शंभर घन सेंटिमीटरच्या हौशी वर्गासाठी हजार-दीड हजार पुरेसे आहेत.

ट्रॅक, मार्शल आणि सुरक्षितता यांना मी पाचपैकी साडेचार गुण देईन, वेळेच्या नोंदीला साडेतीन, आणि तांत्रिक नियमांच्या अंमलबजावणीला दीड. तो दीडही खुर्ची सोडणाऱ्या स्ट्युअर्डांमुळे आणि चिंधी खांद्यावर टाकणाऱ्या उस्तादांमुळे. जे पहिल्यांदा जाणार आहेत त्यांनी शेवटच्या बोअरचे बिल सोबत ठेवावे, हरकतीचा मसुदा घरूनच लिहून न्यावा आणि गाडीचा नेहमीचा विमा संघटित शर्यतीतील नुकसान भरून देत नाही हे लक्षात घेऊन स्पर्धेचा अपघात विमा कोणाला आणि किती आहे ते आयोजकांकडून लेखी घ्यावे.

पुढच्या स्पर्धेचा अर्ज भाच्याने आणला आहे आणि मी त्यावर सही केली आहे. आमच्या इंजिनात सध्या पन्नास नंबरचा पिस्टन आहे, पण त्या दोन दिवसांच्या धुळीनंतर गाडी धूर मारू लागली असून ब्लॉक पुन्हा बोअर करावा लागेल असे भाचा म्हणतो. अर्जासोबत मी एका ओळीचे पत्र जोडले आहे: पंचाहत्तर नंबर या वर्गात चालेल किंवा कसे, ते स्पर्धेपूर्वी लेखी कळवावे.